एक अक्षर जास्त

वैशाखात, गल्लीच्या वाचनालयाबाहेर
फळ्यावर खडूनं लिहिलं होतं:
हायकू स्पर्धा. तीन ओळी. पाच, सात, पाच.
हंगामातलं एक फूल हवं
आणि जुन्या कोल्हापूरची एक खूण.
पहिलं बक्षीस कापशीचं पायताण,
माप जिंकल्यावर घेतलं जाईल.

मला बसवलं अक्षरं मोजायला.
चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले मी.
जोडाक्षर एकच धरायचं,
आणि ओळ पट्टीत घट्ट बसली नाही
तर उचलताना सगळी सांडते.
कवितेतलं मला एवढंच कळतं.

एकसष्ट चिठ्ठ्या आल्या.
चाळीस गुलमोहरावर.
एक हायकू नव्हताच, नळाला पाणी येत नाही
अशी तक्रार होती,
पण बरोबर सतरा अक्षरांत.

उसाच्या तुऱ्यावर तासभर गेला.
रेवडेकर बाई म्हणाल्या, तुरा हेही फूलच.
अण्णाप्पा चौगुले, ज्यांचं गुऱ्हाळ कधीच थंडावलं,
म्हणाले, "तुरा आला म्हंजे ऊस पोकळ झाला, बाई.
त्याला फूल तुमच्या शाळेत म्हणत असतील.
आणि वैशाखात तुरा आणला कुठनं?"
चिठ्ठी बाद झाली. चहा आला.

मग तालमीतल्या यल्लाप्पाची.
कान मोडलेले, अक्षर मोत्यासारखं:

    लाल मातीत
    गुलमोहर चीत
    पाठ टेकली

अण्णाप्पांनी मांडीवर थाप मारली,
बाईंचा चहा सांडला.

जैनुद्दीनचा पणजा दरबारचे चित्ते सांभाळायचा.
घरात अजून एक कातडी टोपी आहे,
शिकारीपर्यंत जनावराचे डोळे झाकणारी:

    चित्त्याची टोपी
    उघडली, बहावा
    डोळ्यांत पेटे

मी दोनदा मोजलं. मोजायचं नव्हतं,
पुन्हा वाचायचं होतं.

आणि तळाशी, वहीच्या कागदावर,
घाटाजवळ फुलं विकणाऱ्या हौसाक्काची,
नातवानं लिहून दिलेली:

    पुराची रेघ
    भिंतीवर; तिच्यावर
    अनंत फुले

पाच. आठ. पाच.

पुन्हा मोजलं, बोटाच्या पेरांवर.
मधल्या ओळीला एक पेर जास्त.
'भिंतीवर' काढून 'भिंतीला' केलं,
बसली ओळ, पण रेघ कॅलेंडरसारखी लटकायला लागली.
'तिच्यावर'चं 'वर' नुसतं ठेवलं,
तर वर कोणाच्या, ते कळेना.
मी लोकांच्या लग्नपत्रिकांत
आडनावं दाबून बसवली आहेत.
ही बसेना.

संध्याकाळी तिच्याकडे गेलो.
ती ओल्या फडक्यात मोगरा गुंडाळत होती.
"एक अक्षर जास्त आहे, आक्का."
"जास्त म्हंजे किती? बोटाएवढं?"
मला उत्तर आलं नाही.
तिनं भिंत दाखवली.
"पाच साली पानी इथं थांबलं.
रंगानं रेघ मारली माझ्या मालकानं,
म्हनला, ह्याच्या वर न्हाई जायचं आता.
एकोणीसला ती रेघच बुडाली.
तो नव्हता तवा. बरं झालं.
ही वरची मी मारली."

पाच सालीच आमच्या छापखान्यातही चिखल होता.
आठ दिवस मी घमेल्यात खिळे धूत होतो,
व आणि ब वेगळे करत.
एक र कधीच सापडला नाही.
हे तिला सांगावंसं वाटलं,
सांगितलं नाही.

कुंडीतला अनंत दोन्ही रेघांच्या वर गेला होता,
फुलं थोडी पिवळी पडलेली.
"द्या टाकून चिठ्ठी," ती म्हणाली,
"पायतान घालून मी कुठं जानार हाय?"

यल्लाप्पाला बक्षीस मिळालं.
त्याच्या मापाचं पायताण दुकानात नव्हतं,
शिवून घ्यावं लागणार आहे.
जैनुद्दीननं टाळ्या वाजवल्या,
टोपी काही दाखवायला आणली नाही.

हौसाक्काची चिठ्ठी नियमाप्रमाणे बाद.
तसं मीच लिहिलं, लाल शाईनं, आणि सही केली.
नंतर ती खिशात घातली.

आता घाटाकडून जाताना
त्या भिंतीपाशी माझा हात जातो,
खालच्या रेघेवरून वरच्या रेघेकडे,
पेर, पेर, पेर,
आणि दर वेळी
मोजणी वेगळी येते.